उभ्याने दिलेली अंजली

श्रीगजाननाला आणि पितृदेवतांना वंदन करून लेखणी हाती घेतो. आज सर्वपित्री अमावास्या. सकाळचे तर्पण आटोपले आहे, दर्भ अजून पाटापाशीच आहेत, आणि मन एका विद्यार्थिनीपाशी अडले आहे. तिचे स्मरण करण्यास आजच्यासारखा दुसरा दिवस नाही.

बसलेली अशी मी तिला कधी पाहिलीच नाही. डोंबिवलीच्या शाळेत मी संस्कृत शिकवीत असे. ती शीळफाट्याकडच्या एका आगरी गावातून येई. शब्दरूपे म्हणण्यासाठी एकदा उठली की तास संपेपर्यंत उभीच. ‘बैस’ म्हटले तर म्हणे, “बसलं की इसरायला होतं, गुरुजी.” वर्गातल्या मुलींनी तिचे नाव ‘उभी’ ठेवले आणि तिनेही ते बिनतक्रार पत्करले.

पुढे परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्यावर छातीशी पिनेने अडकवलेले घड्याळ आले आणि त्याबरोबर एक नवी सवयही. बोलता बोलता ती समोरच्याचे मनगट धरी आणि नाडी मोजू लागे. आमच्या घरी आली की सरळ स्वयंपाकघरात. एकदा तर माझी पत्नी आमटी ढवळीत असताना तिने तिचा मोकळा हात धरला. पत्नी म्हणाली, “अगं, डाळ लागेल.” ही घड्याळावरची नजर न काढता म्हणाली, “पंधरा सेकंद, काकू. डाळ थांबंल.”

ऐंशीच्या दशकाच्या प्रारंभी ती उत्तीर्ण झाली. त्याच सुमारास ठाण्याच्या एका मोठ्या रुग्णालयाने नवशिक्या परिचारिकांसाठी वर्षभराचे निवासी प्रशिक्षण सुरू केले होते. प्रत्येक वॉर्डात काही आठवडे, जाणत्या सिस्टरांच्या हाताखाली. जागा मोजक्या होत्या. तिचे वडील मिठागरावर राबून तिला शिकवीत आले होते. आता त्यांनी शेवटचे सांगून टाकले होते की तिथे जागा मिळाली तर शीक, नाही तर दिवाळीनंतर लग्न. स्थळही जवळजवळ ठरले होते. अर्जाला पाच वर्षे ओळखणाऱ्या व्यक्तीचा चारित्र्याचा दाखला हवा होता. तो मागण्यासाठी ती मंगळवारी माझ्या दारात येऊन उभी राहिली. शनिवारी दुपारी एक वाजता अर्जांची खिडकी बंद होणार, हेही तिने सांगितले.

आता माझा प्रमाद सांगतो. पितृपक्ष चालू होता, शनिवारी सर्वपित्री आणि रविवारी घटस्थापना. नव्या कार्याच्या कागदावर पितृपक्षात सही करू नये, हा माझा नेम. मी तिला म्हणालो की सोमवारी दाखला देतो, स्वतः ठाण्याला येऊन, मुदतीची विनंती करून अर्ज देतो; दोन दिवसांनी काही बिघडत नाही. विद्यार्थिनीच्या कल्याणासाठीच मी हे करीत आहे, असे मला मनापासून वाटत होते.  ती अर्ज माझ्या पोथ्यांवर ठेवून गेली.

बुधवारी आली, गुरुवारी आली. दोन्ही दिवस उंबऱ्यापाशी उभी राहून पोथ्यांकडे एकदा पाही आणि काकूंचे बरे आहे ना, एवढेच विचारून निघे. पत्नी मला म्हणाली की त्या पोरीच्या पायांकडे तरी पाहा, ती आपले अंगण झिजवील. मी पंचांग उघडून दाखविले. शुक्रवारी मात्र ‘उभी’ बोलली. आवाज चढला नव्हता.

“गुरुजी, अवसेला वॉर्डात माणसं येत्यात का नाय?”

मी म्हणालो, “येत असतील.”

“मागल्या अवसेला माझ्या ड्युटीत तीन बाळं झाली. त्यांना काय सांगू, प्रतिपदेला या?”

मी म्हणालो, “हे तुझ्याच भल्यासाठी आहे, बाळ.”

“माझ्या भल्याचा दिवस शनवार हाय, गुरुजी.”

शनिवारी मी तर्पणाला बसलो तेव्हा ती दारात होतीच. पितृत्रयी झाली, मातृत्रयी झाली, गुरू, आचार्य झाले आणि त्यापुढे ‘शिष्य’ आले. खाडीत बुडून गेलेल्या एका विद्यार्थ्याला मी दरवर्षी तिथे पाणी देतो. त्याचे नाव उच्चारले आणि हात थबकला. गेलेल्या शिष्यासाठी या पक्षात ओंजळभर तिलोदक आहे, आणि दारात जिवंत उभ्या असलेल्या शिष्येला एक सही नाही. विधी अर्ध्यात सोडणे माझ्याने झाले नाही. पण तो संपताच, ओल्या पंच्यानेच उठलो आणि अर्ज ओढला. दाखल्यासाठी मनाशी जुळवून ठेवलेली सारी विशेषणे त्या क्षणी पळाली. एवढेच लिहिले: ‘हिला मी दहा वर्षे ओळखतो. ही हाक मारल्याबरोबर येते.’ शाई वाळण्याआधीच तिने कागद उचलला. जाता जाता म्हणाली, “बेचाळीस मिनिटं लागली, गुरुजी. मी मोजत होते.”

दिवेलागणीला ती सांगायला आली. खिडकीची झडप खाली येत असताना तिने अर्जासकट हात आत घातला आणि तसाच ठेवला. कारकून करवादला की अमावास्येला, शेवटच्या मिनिटाला आलीस, जागाही शेवटचीच मिळेल. “मी बोलले, शेवटची द्या. मना उभं राहण्यापुरतीच लागते.” त्या दिवशी माझी पत्नी खूप दिवसांनी मोठ्याने हसली.

जागा मिळाली. लग्नही पुढे झाले, तिच्या सवडीने. वॉर्डाची प्रमुख झाल्यावरही दर भाद्रपदात ती गावच्या काकड्या घेऊन येई, चहा उभ्यानेच घेई, आणि ठाण्याला परत जाण्याच्या घाईत निम्मा कप टाकून जाई. त्या शनिवारची आठवण तिने मला एकदाही करून दिली नाही. मी मात्र त्यानंतर कुणाचाही कागद घरात मुक्कामाला ठेवला नाही.

गेल्या वर्षी वैशाखात निरोप आला की वॉर्डातूनच कावीळ जडली आहे. मी गेलो. जन्मात बसलेली न पाहिलेली ती, एकदम निजलेलीच दिसली. मी खाटेशी उभा राहिलो. तिची बोटे सवयीने माझ्या मनगटावर आली. उशाशी ठेवलेल्या घड्याळाकडे तिने पाहिले. म्हणाली, “जोरात चाललीय, गुरुजी. तुमी बसा.” मी बसलो. तिसऱ्या दिवशी ती गेली.

वर्ष पुरे झाले, म्हणून आज प्रथमच तिचे नाव तर्पणात घेतले. गोत्र ठाऊक नसले की काश्यप म्हणतात, तसे म्हटले. सगळी उदके मी शास्त्राप्रमाणे बसून दिली. तिची एक अंजली मात्र उठून, उभ्याने सोडली.

वाचकहो, परमेश्वर आपणांस व आपल्या कुटुंबीयांस आरोग्य देवो. आपल्या घरातल्या मुलामुलींचे कागद वेळेत पोहोचोत; आणि आजारपणात आपल्या उशाशी कुणीतरी उभे असो.