एका वेळी एकच

आमच्या जवायांनी माझ्या मनगटावर बांबूची काठी हाणली तेव्हा माझा नवरा दवाखान्याच्या लोखंडी खाटेवर पडला होता, छातीला वायरी चिकटवलेल्या, आणि बाजूच्या मशीनवरची हिरवी रेघ वेड्यासारखी नाचत होती. माझा एक हात नवऱ्याच्या हातात होता, दुसरा टेबलपंख्यावर. नर्स ओरडली. मला वाटलं, हा माणूस शेवटी पागल झालाच.

तसा संशय सगळ्यांना आधीपासून होता. जवाई म्हणजे माझ्या नणंदेचा नवरा, पवनीला एका खाजगी दवाखान्यात वायरमन. विजेला एवढा भिणारा वायरमन अख्ख्या भंडारा जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. कुठलीही वस्तू ते आधी उलट्या हाताने शिवायचे. दाराची कडी, नळ, सायकलचं हँडल, सगळं. सुलट्या हाताने धरलं आणि करंट असला तर मूठ आवळली जाते, सुटत नाही, असं ते सांगत. लग्नात अंतरपाट धरलेला, भटजी घाई करत होते आणि हे नवरदेव मांडवाच्या लोखंडी खांबाला उलटा हात लावून बघत होते, कारण त्यावर लाइटची माळ गुंडाळली होती. माझा नवरा सगळ्यांना सांगायचा, "आमचे जवाई जेवाले बसले का पह्यले पानाले टेस्टर लावतेत." जवाई हसत नसत. "हासा," म्हणायचे, "जित्ता माणूसच हासते."

दवाखान्यामागे त्यांनी खोल खड्डा करून तांब्याची पट्टी, कोळसा आणि मीठ पुरलं होतं. कुठे करंट गळला तर तो माणसाच्या अंगातून न जाता या वाटेने जमिनीत जावा म्हणून. माती ओली राहावी लागते, त्यासाठी रोज बादलीभर पाणी घालत, उन्हाळ्यात दोनदा. रोज भक्तिभावाने पाणी घालणारा माणूस बघून खेड्यावरच्या बायांनी तिथे कुंकू लावायला सुरुवात केली. पुढे नारळही फुटू लागले. मी म्हटलं, "सांगत काहून नाही त्यायले?"

"कायले सांगू वहिनी? कुंकू लावाले येतेत तं लोटाभर पाणी बी टाकून जातेत."

मग डॉक्टरांनी काळजाचे ठोके दाखवणारं मशीन आणलं. लोक ते टीव्ही बघायला यावं तसे यायचे. जवायांनी खाटेभोवती गेरूने रेघ मारली. रेघेच्या आत ओले पाय नकोत, पाण्याचा लोटा नको, आणि माणूस धरायचा असेल तर मशीनला, पंख्याला, बटनाला हात नको. "एका टायमाले एकच," हा त्यांचा कायदा डॉक्टरांनाही होता. डॉक्टर एकदा चिडून म्हणाले, "अरे, पेशंट माझा की तुझा?"

"पेशंट तुमचा, साहेब. प्लग माहा."

त्याच वर्षी वैशाखात, उन्हाळी धान कापताना, माझा नवरा बांधावर छाती धरून बसला. आमच्या दिघोरीहून जीपमध्ये घालून जवायांच्याच दवाखान्यात आणला. तीन दिवस काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. खोलीत भट्टीसारखं तापत होतं. तिसऱ्या दिवशी मी भाच्याच्या हाती घरचा पंखा मागवला. घरच्या बोर्डाला दोनच भोकं, म्हणून त्याची तिसरी, गळलेला करंट जमिनीत नेणारी पिन नवऱ्यानेच पक्कडीने मोडली होती. जवायांना विचारलं असतं तर नाहीच म्हणाले असते, म्हणून ते मागे पाणी घालायला गेल्यावर मी तो लावला आणि घरी करतो तसा पुढच्या जाळीला ओला दुपट्टा बांधला. चूक माझी होती. दुपट्ट्याचं पाणी आत उतरत होतं ते मी पाहिलं नाही. तोंडावर वारा यावा म्हणून पंखा वळवला, तर हाताला मुंग्या आल्या. पाणी घालून परतलेल्या जवायांची कोरडी काठी बसली ती तेव्हा.

जवायांनी पंख्याच्या पत्र्याला टेस्टर लावला. तो पेटला. मग पिन उपटली. हिरवी रेघ हळूहळू आपल्या चालीवर आली.

"त्याच्या छातीले पट्ट्या हायेत वहिनी, ओल्या. वायर मशीनले, मशीन जमिनीले. पंख्यातला करंट तुमच्या हातातून त्याच्यात, अन् त्याच्यातून जमिनीत. तुमाले मुंग्या आल्या. त्याचं काळीज आधीच अधमेलं हाय, तेवढ्यानंच बंद पडलं असतं."

नवऱ्याने डोळे उघडले आणि बारीक आवाजात विचारलं, "काहून मारलं हो माह्या बायकोले?"

"पडून राहा. बरे झाले का तुमी मले मारजा."

मनगट पंधरा दिवस सुजलं होतं. नणंद हळद लावताना हसत होती, मला हसू येत नव्हतं. जवायांचे आभार मी कधी मानले नाहीत. आमच्यात जवायाचे आभार मानत नाहीत, पाय धुतात. तेही मी त्या वर्षी जरा जास्त वेळ धुतले, एवढंच. त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी पाय मागे ओढले नाहीत.

आठेक वर्षांनी ते गेले, काविळीने. विजेने त्यांना कधी शिवलं नाही. त्यांच्या तेरवीला माझा नवरा बसमधून उतरला आणि स्टँडपासून त्यांच्या घरापर्यंत स्वतःच्या पायांनी चालत गेला.