जावयांचा निळा रुमाल आणि थरथरणारी बोट

माझे जावई गेले. काय लिहायचं कळत नाही. लेक म्हणते, आई, तू बोलतेस तसंच लिही, त्यांच्या कामावरच्या माणसांना वाचायचंय. म्हणून फोनवर अंगठ्याने लिहितेय. पुढचं मागे झालं तर सांभाळून घ्या.

जावई बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे. शिडाच्या बोटी असतात ना, वाऱ्यावर चालणाऱ्या, त्यांनाही पोटात इंजिन असतं. मला माहीतच नव्हतं. मी म्हटलं, मग शीड कशाला? तर म्हणाले, "अहो आई, वारा काय आपला नोकर आहे, हाक मारली की यायला?"

त्या इंजिनापासून एक लांब दांडा निघतो. तो बोटीच्या तळातून बाहेर पाण्यात जातो आणि त्याच्या टोकाला पंखा असतो. पंखा फिरला की बोट चालते. दांडा इंजिनाशी केसभर जरी तिरका जोडला गेला तरी अख्खी बोट थरथरते. हे ते मला जेवताना चमचा फिरवून सांगायचे. मी हं हं करायची. डोक्यात काही शिरायचं नाही.

माझं लाटणं त्यांनीच पळवलेलं. त्याचं एक टोक इंजिनाला लावायचं, दुसरं कानाला. लाकडातून आवाज नीट कळतो म्हणे. मी म्हटलं, "जावईबापू, बाजारात मिळतात लाटणी." तर म्हणाले, "मिळतात हो, पण त्यांना तुमची सवय कुठे आहे?" आता यावर काय रागवायचं!

दुसरी खोड रुमालाची. काम अर्धं राहिलं की त्याला खिशातला निळा रुमाल बांधायचे. म्हणजे कुणी हात लावायचा नाही. एकदा स्वयंपाकघरातला नळ दुरुस्तीला खोलून ठेवलेला, त्याला रुमाल. मी रुमाल सोडला आणि नळ फिरवला. पाणी थेट छताला! लेक हसून हसून खाली बसली. जावई फरशी पुसत म्हणतात, "आई, मला नको, निदान रुमालाला तरी मान द्या."

असा माणूस. सकाळी बूट घालायला वाकले ते उठलेच नाहीत. एक पाय बुटात, एक बाहेर. मला अजून तेच दिसतं. मधेच राग येतो, कुणाचा ते कळत नाही.

भेटायला पुष्कळ माणसं आली. फोटो स्टुडिओवालेही आले. जावयांनी शेवटची हातात घेतलेली बोट त्यांची. भला माणूस. धुऊन इस्त्री केलेला रुमाल माझ्या हातात दिला. "बोटीवर राहिला होता त्यांचा." मी घेतला, कपाटात ठेवला. माझं डोकं ठिकाणावर कुठे होतं?

मग एक दिवस त्यांचाच फोन आला. लेकीने उचलला. बोट चालवली की थरथरते, खालून खडखड येते, आता कुणाला दाखवू? बिचारे चाचरतच विचारत होते. लेकीने फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून बसली. जेवेना.

"आई, त्यांच्या हातून चुकलं का गं? शेवटचंच काम. एवढं कुणीतरी सांगा मला."

मी म्हटलं, मी जाऊन बघते.

"तुला काय कळतं त्यातलं?"

"काही नाही. तरी जाते."

टकलूला बोलावलं. टकलू म्हणजे जावयांचा जोडीदार, वेल्डर. डोक्यावर जंगल आहे, तरी टकलू का, देव जाणे. मी पिशवीत तेच लाटणं टाकलं. ते बघून त्याने तोंड फिरवलं, मग म्हणाला, "मावशी, इंजिन माझं खातं नाही हां. पण त्यांच्या शेजारी उभं राहून राहून थोडं कळतं."

बोटीवर गेलो. फोटोवाल्यांनी इंजिन सुरू केलं. नुसतं चालू होतं तेव्हा ठीक. मग गिअर टाकला आणि पायाखालच्या फळ्यांना गुदगुल्या व्हायला लागल्या. कपाटातले कप वाजले. टकलूने लाटणं कानाला लावलं.

"काय ऐकू येतं?" मी विचारलं.

"खडखड."

"ती मलाही येतेय की रे, लाटण्याशिवाय!"

"थांबा हो मावशी, ते काय करायचे ते आठवतोय."

बोट जरा बाहेर नेऊन शीड चढवलं आणि इंजिन बंद केलं. आता बोट वाऱ्यावर चालली. टकलू म्हणाला, खाली पंखा पाण्याने आपोआप फिरतोय, दांडाही फिरतोय, ऐका. मी कान लावला. काही नाही. नुसतं पाणी.

"म्हणजे बरं झालं ना?"

"पंखा बरा, दांडा सरळ," तो म्हणाला. लाटणं खाली ठेवलं. "मग राहतो तो जोड. इंजिन आणि दांड्याचा."

"तो कुणी बसवला?"

तो माझ्याकडे बघेना.

माघारी येऊन बोट बांधली. त्याने जोडाचे बोल्ट काढले. समोरासमोर दोन लोखंडी चकत्या. त्यांच्या फटीत त्याने पातळ पत्र्याची पट्टी घातली. खालून आरामात गेली. वरून शिरेचना. मलासुद्धा कळलं की हे वाकडं आहे. आता लेकीला काय सांगू? खोटं बोलू? आणि एवढा पक्का माणूस असं कसं करेल? काही सुचेना.

टकलूने फोटोवाल्यांना विचारलं, "बोट पाण्यात कधी सोडली?"

"ते गेले त्याच्या आदल्या दिवशी. तोवर जमिनीवर ठोकळ्यांवर होती. जोड त्यांनी तिथेच बसवला. जाताना म्हणाले, पाण्यात जरा बसू द्या, मी येतोच. मला वाटलं, चहाला येतो म्हणतायत."

टकलूने कपाळावर हात मारला. "अहो, ठोकळ्यांवर बोटीचं पोट दबतं. पाण्यात गेली की सैलावते, जोड हलतो. तिथला जोड नुसता तात्पुरता असतो. पाण्यात ते परत जुळवायचेच, प्रत्येक बोटीचा. तोवर इंजिनाच्या चावीला रुमाल..."

फोटोवाल्यांचा चेहरा पांढरा झाला. "चावीलाच होता. मला वाटलं विसरले. त्यांची वस्तू, म्हणून मी..."

नळाचा रुमाल सोडणारी मीच, मी कुणाला काय बोलू?

टकलूने इंजिनाच्या पायांचे नट सैल केले. जरा उचल, जरा सरकव, पट्टी घाल, परत सरकव. घामाघूम झाला, इंजिनाला बहिणीवरून बोलला, मला सॉरी म्हणाला. शेवटी पट्टी सगळीकडून सारखी गेली. गिअर टाकला. कप गप्प.

घरी आले. लेक दारातच उभी. मी आधी कपाटातून रुमाल काढून तिच्या हातात दिला.

"चुकलं नव्हतं. राहिलं होतं." आणि सगळं सांगितलं, जमेल तसं, चमचा फिरवून.

ती रडली. मग ताटावर बसली आणि जेवली. रुमाल मांडीवर. मधेच तिने तो नाकाला लावला आणि माझ्याकडे बघत राहिली.

"आई, पण फोटोवाल्यांनी हा धुतला कशाला गं?"