आमच्या अद्रकाच्या ग्रुपवरचं बारा मुद्द्यांचं उत्तर

मंडळी, आपल्या अद्रक उत्पादक ग्रुपचा अॅडमिन म्हणून लिहितोय. आज सकाळी फुलंब्रीला जाऊन आलो, तेव्हापासून डोकं फिरलंय.

सुदामकाकांनी परवा ग्रुपवर विचारलं होतं, "अद्रकाची पानं पिवळी पडायलीत, काय करू?" दोन मिनिटांत एका सरांनी बारा मुद्द्यांचं उत्तर टाकलं. पहिलाच मुद्दा: पाणी कमी पडतंय, ठिबक जास्त वेळ चालवा. काकांनी दोन दिवस चालवलं.

आज काकांच्या शेतात मी एक रोप उपटलं तर कंद हातातच पिचला. लई घाण वास. कंदकूज होती ती. पाणी बंद करायला पाहिजे होतं.

सरांना फोन लावला. म्हणाले, "ते एआयनं लिहून दिलं, मी फक्त टाकलं."

"तुम्ही अद्रक लावलंय का, सर?"

"नाय, मला शेतीच नाय."

आपल्याकडं माणूस आधी बांधावर येतो, रोप उपटून बघतो, मग बोलतो. म्हणून म्हटलं, काका, आजपासून ग्रुपवर एआयच्या पोस्टला बंदी.

काका म्हणाले, "घाल की. पण तुमच्यापैकी कुणी बघायला आलं होतं का?"

तर बंदी घालायची का, सांगा. त्या उत्तराला पहिला अंगठा मीच दिला होता.