सुमीचं पीठ आणि विझत जाणारा ठिपका

या ग्रुपवरचे अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय. आणि प्रत्येक अनुभवाखाली येऊन "उजेड कुठून येत होता? दार नीट लावलं होतं का? त्या दिवशी ताप होता का?" असं खवचटपणे विचारणारा जो आगाऊ मास्तर आहे ना... तो मीच. तुमच्यातल्या निम्म्यांनी मला मनातल्या मनात शिव्या घातल्या असतील. घाला. आज माझी पाळी आहे. भूत, करणी, उतारा यातलं काहीही मी कधी मानलं नाही, आजही मानत नाही. पण एक गोष्ट मला गेली काही वर्षं सुटत नाहीये, आणि ती सांगायला मला दुसरी जागा नाही.

माझं नाव दत्ता. लातूरला एका क्लासमध्ये अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. लातुरात एकीकडं डाळ मिल आणि एकीकडं क्लास, दोन्हीकडं भरडणंच चालू असतं. नांदेडला एम.एस्सी. करताना आकाशाचं वेड लागलं ते नोकरी लागल्यावरही उतरलं नाही. आम्ही ठिकठिकाणचे काही हौशी लोक मिळून चिली देशातल्या एका डोंगरावरची दुर्बीण भाड्यानं वापरतो. इथून इंटरनेटवर आकाशातल्या जागेचे आकडे टाकायचे, तिकडं दुर्बीण वळते, फोटो इकडं येतो. आपल्याकडं भर दुपार असते तेव्हा तिकडं रात्र. त्यामुळं माझं तारे बघणं डबा खाता खाता चालतं, आणि यावरून स्टाफरूममध्ये माझी यथेच्छ टिंगल होते.

आम्ही बघतो काय? फार फार लांब एखादा प्रचंड तारा कोसळतो तेव्हा त्यातून गॅमा किरणांचा एक झोत सुटतो. काही सेकंदांत खेळ खलास. उपग्रहाला तो दिसतो आणि तो जगभर निरोप धाडतो की आकाशात अमुक जागी बघा. झोत संपलेला असतो, पण त्याच्या मागं एक उजेड उरतो. तो हळूहळू विझत जातो. तो पार विझायच्या आत पकडायचा, फोटोमागून फोटो घ्यायचे आणि किती वेगानं मंदावतोय ते मोजायचं, एवढंच आमचं काम. एकदा विझला की पुन्हा नाही.

आता घरचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमचं गाव किल्लारीच्या जवळचं. भूकंपाच्या रात्री मी लातुरात होतो, शाळेसाठी खोली करून. माय आणि दादा, म्हणजे माझे वडील, उडदाच्या काढणीला शेतावर मुक्कामी होते. धाकटी बहीण सुमी खरं तर त्यांच्याबरोबर जायची होती. पण विसर्जनाची मिरवणूक बघायचीय म्हणून तिनं रडून गोंधळ घातला, म्हणून तिला गावात मैत्रिणीच्या घरी ठेवलं. ते घर दगडमातीचं. पहाटे ते सगळंच खाली आलं. मैत्रीण सापडली, तिचे आईबाप सापडले. सुमी सापडली नाही. सामुदायिक चिता पेटत होत्या, कोण कुणाचं ते बघायला कुणाला सवड होती? त्यातच कुणीतरी मायला सांगितलं की जखमी पोरांचा एक ट्रक सोलापूरकडं गेला, त्यात हिरव्या परकराची एक पोर होती. सुमीचा परकर हिरवा होता. हजार पोरींचे असतील, पण मायला ते पुरलं.

दादांनी तीन महिने दवाखाने पालथे घातले आणि मग गप झाले. माय गप झाली नाही. सुमीचं कुठलंही कार्य तिनं करू दिलं नाही. "घावली न्हाई तर मेली कशी म्हणू?" हा तिचा एकच सवाल. पुनर्वसनात आम्हाला नवं घर मिळालं. त्या नव्या गावातली सगळी घरं एकसारखी, म्हणून मायनं आमच्या दाराला हिरवा रंग दिला. सुमीला ओळखू यावं म्हणून! मला नोकरी लागली, लग्न झालं, लातुरात घर झालं... पण माय एक रात्रसुद्धा मुक्कामाला आली नाही. "पोर आली तर? दाराला कुलूप बगून माघारी जाईल की रं."

दादा होते तोवर चाललं. मग दादाही गेले, झोपेतच. मायला शुगर, पायाला न भरणारी जखम, डोळ्यांनी कमी दिसतं, त्याआधी दोनदा न्हाणीत पडलेली. डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं की ही बाई एकटी राहिली तर पाय जाईल, आणि मग तीही जाईल. मी हात जोडले, भांडलो, ओरडलो. ती एकच म्हणायची, "न्हाई."

आमच्याकडं माणूस गेला की तो गेला त्या जागी दिवा लावतात आणि परातीत पीठ पसरून त्यावर दुरडी पालथी घालतात. सकाळी दुरडी उचलून पिठावर काही उमटलंय का बघतात. गाईचा खूर, पाखराचा पाय, काहीही. माणूस पुढं कुठल्या जन्माला गेला ते त्यावरून ठरतं. मी कॉलेजात असल्यापासून याची खिल्ली उडवत आलोय. मुंगी चालली असेल, झुरळ फिरलं असेल.

त्या संध्याकाळी दादांची परात ठेवून झाली आणि माय म्हणाली, "अजून एक परात आण."

"कशाला?"

"सुमीला."

माय शांत होती. "आता पिठालाच पुसून बगते. उमटलं तर ती गेली, मी येते तुज्यासंगं लातूरला. न्हाई उमटलं तर हाय माजी पोर कुटंतरी. मग मला हितून हलवायचं नाव काडायचं न्हाई. कबूल?"

मी "कबूल" म्हणालो.

पहाटे माय मागच्या दारी गेली तसे तात्या माझ्याजवळ सरकले. तात्या म्हणजे दादांचे चुलतभाऊ, देवणीकडं असतात, गुरांच्या बाजारात आयुष्य गेलेलं. हळूच म्हणाले, "दत्ता, दुरडी उचल अन् बोटानं एक रेघ वड. कुणाला कळून राहिलंय? म्हातारी वाचंल."

मी दुरडी उचलली. पीठ साफ होतं, मायनं हात फिरवून ठेवलं होतं तसंच. मी बोट पुढं केलं. खरं सांगतो, केलं. पण क्लासमध्ये रोज पोरांना ओरडतो, "रीडिंग आलं नाही तर आलं नाही म्हणून लिहा, बनवू नका रे!" ते हाडात भिनलंय. आणि त्याहून खरं म्हणजे, ती रेघ ओढणं म्हणजे सुमीला मीच मारणं झालं असतं. माझ्यानं झालं नाही. दुरडी होती तशी ठेवली. तात्यांनी कपाळाला हात लावला.

मग मायच्या देखत दोन्ही दुरड्या उचलल्या. दादांच्या पिठावर एक बारीक वळणदार रेघ होती, बायका पाखरू पाखरू म्हणाल्या. सुमीचं पीठ कोरं. माय जवळजवळ हसली. नवरा जाऊन एक दिवस झाला नव्हता आणि तिच्या चेहऱ्यावर असा आनंद, की मला बघवेना. "हाय माजी पोर," ती म्हणाली. मी मनात म्हटलं, संपलं. आता हिचा पाय जाणार आणि ही या दारात बसून मरणार.

दुपारी माणसं पांगली. क्लासमधून थेट आलो होतो म्हणून लॅपटॉप बॅगेत होता, आणि नेमका तेव्हाच मोबाइलवर उपग्रहाचा निरोप आला. बाप गेल्याच्या दुसऱ्या दिवशी दुर्बीण? हो. हाताला काम नसतं तर मी कुणाचातरी गळा धरला असता. ओट्यावर लिंबाच्या सावलीत बसलो, मोबाइलचं नेट जोडलं, आकडे टाकले. थोड्या वेळानं पहिला फोटो आला.

एक सांगायचं राहिलं. आम्ही हे फोटो उलटे करून बघतो, आभाळ पांढरं आणि तारे काळे. बारीक ठिपका तसा लवकर नजरेत भरतो.

माय चहा घेऊन आली आणि माझ्या मागं थबकली. मग म्हणाली, "हे पीठ कुणाचं रं?"

मी म्हटलं, "पीठ न्हाई माय. आभाळ हाय."

"अन् हे मधी काय उमटलंय?"

मधोमध एक ठिपका होता. ठसठशीत. मी त्या भागाचा जुना फोटो काढून शेजारी लावला. जुन्यात ती जागा कोरी. मी सवयीनं शिकवायला लागलो, की तारा कोसळतो, त्याच्यामागं उजेड उरतो, आता बघ, हा मंद होत जाईल. माय ओट्यावर बसली. चहा तसाच निवला. फोटोमागून फोटो येत गेले आणि ठिपका बारीक होत गेला, अगदी पुस्तकात लिहितात तसा. जिला सुईत दोरा ओवता येत नाही ती माय तो ठिपका बघत होती. शेवटी मलाच दिसेना, तेव्हा ती म्हणाली, "हाय अजून, थांब." आणि पुढच्या फोटोत म्हणाली, "गेली."

पदर तोंडाला लावून ती रडली. भूकंपानंतर मी तिला सुमीसाठी रडताना पाहिलं नव्हतं, कारण तिच्या लेखी रडायचं कारणच नव्हतं. मग डोळे पुसून म्हणाली, "दहाव्याला दोन पिंडं कर. अन् मी येते लातूरला."

रात्री आमच्या दुर्बिणीच्या ग्रुपला रिपोर्ट पाठवायला बसलो आणि आकडे पुन्हा ताडून बघितले. उपग्रहानं दिलेल्या जागेतला एक आकडा सत्तेचाळीस होता. मी चौऱ्याहत्तर टाकला होता. तोंडानं "सत्तेचाळीस" पुटपुटत सात आधी टाइप झाला. आमची पोरं परीक्षेत हीच चूक करतात आणि मी त्यांना त्यावरून फाडून खातो. म्हणजे दुर्बीण भलत्याच जागी वळली होती. खरा उजेड इतरांना सत्तेचाळीसलाच मिळाला. मग चौऱ्याहत्तरला मी काय बघितलं?

मला जे जे विचारायची सवय आहे ते सगळं मी स्वतःला विचारलं. कॅमेऱ्याचा दोष? फोटोची चौकट जराशी सरकली की ठिपकाही ताऱ्यांबरोबर सरकत होता, कॅमेऱ्याच्या एकाच जागी चिकटून नव्हता. लघुग्रह? तो ताऱ्यांमधून पुढं सरकला असता. काचेतलं खोटं प्रतिबिंब? त्याला आमच्या भाषेत भूतच म्हणतात, हसू नका. पण ते असं शिस्तीत विझत नाही. एखादा तारा भडकला? नंतर कुणीतरी मोठ्या दुर्बिणीतून ती जागा तपासून दिली, तिथं ताराच नाही. बरं, दुसराच एखादा स्फोट म्हणावा, तर त्याच डोंगरावरचा दुसरा एक कॅमेरा त्याच वेळी आभाळाचा तोच तुकडा टिपत होता. त्याच्या फोटोत काही नाही, नुसतं कोरं. दुर्बिणीच्या ग्रुपमधल्या एका सिनियरांनी शेवटी लिहिलं, "सोडून दे, काहीतरी गडबड असेल." काय गडबड, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

दहाव्याच्या आदल्या दिवशी मी मायला खरं सांगून टाकलं. ती माघार घेईल, इथंच राहते म्हणेल, याची भीती होती. पण खोट्या रीडिंगवर तिला पोरीचं पिंड द्यायला लावणं मला जमणार नव्हतं. म्हटलं, "माय, मी चुकीच्या जागी बघितलं. तिथं काही असायलाच नको होतं."

तिनं माझ्याकडं बघितलं आणि सहज म्हणाली, "ती तरी कुटं जागेवर व्हती रं त्या रातीला?"

आम्ही दोन पिंडं ठेवली. दोन्हींना कावळा शिवला. माय लातूरला आली. पाय वाचला, मोतीबिंदू काढला, आता शेजारच्या बायकांत बसून माझ्या बायकोच्या तक्रारी करते. म्हणजे तब्येत झकास आहे.

आणि मी? मी अधूनमधून दुर्बीण मुद्दाम चौऱ्याहत्तरवर लावतो. बायकोनं विचारलं तर "चेकिंग" म्हणतो. दर वेळी कोरं. तरी लावतो. मला वाटायचं, मी स्पष्टीकरण शोधतोय.

मागच्या महिन्यात रविवारी दुपारी असाच बसलो होतो. माय मागं येऊन उभी राहिली. पडद्यावर पांढरं आभाळ होतं आणि मी त्यात डोळे घालून बसलो होतो. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"नको बगू आता, दत्ता. येत न्हाई ती."

मी "कोण?" म्हणून विचारणार होतो. त्याऐवजी हुंदका आला. पन्नाशीकडं झुकलेला मास्तर मी, लहान पोरासारखा ओरडून रडलो, बायको आतून धावत आली. इतकी वर्षं मला वाटत होतं की आमच्या घरात सुमीची वाट फक्त माय बघतेय.