चंदा ठेक्यात बसते, त्याला मी काय करू?

शेण मी खाल्लं, हे आधीच कबूल करतो. पण म्हणून इतकं छळायचं असतं का हो माणसाला?

आमचा बँड डोंबिवलीचा. आगरी-कोळी गाणी, सोबत गिटार. नव्या अल्बमसाठी मित्रांतले सगळे वाजवणारे गोळा केलेले. मी ढोलकीवाला. छाती ठोकून बोललो, "लग्नातला खरा धवला मी आणतो!" आणि आणलाही! बाळकुमच्या ताराआत्या म्हणजे उभा जन्म हळदीला धवले गाणारी धवलारीण. मानपाड्याच्या स्टुडिओत त्या माइकसमोर बसल्या आणि म्हणाल्या, "नवरा कोन?"

"कोणी नाही आत्या, रेकॉर्डिंग आहे."

"बिननवऱ्याचा धवला? गान्यात नाव कोनाचा घेऊ? मी नाय गानार!"

स्टुडिओ फक्त दुपारपर्यंत आमचा. मी बोललो, "मीच नवरा. प्रशांत. घ्या नाव."

"नि नवरी?"

आता इथे बायकोचं नाव घ्यायचं की नाही? वैशाली! पण हात पडला ढोलकीवाल्याचा. मांडीवर बोटं वाजवून बघितली, वैशाली काही ठेक्यात बसेना. बोललो, "चंदा."

आत्या अशा गायल्या की गिटारवाल्या सचिनच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि त्या गाढवाने ते गाणं कौतुकाने थेट वैशालीला पाठवलं!

"चंदा कोण?" वैशालीने मला दारातच धरलं.

"अगं, कोणी नाही! ठेक्यासाठी घेतली."

"मग इतक्या पटकन सुचली कशी?"

घ्या! तासाभरात कल्याणहून सासूबाईंचा फोन, "जावईबापू, आमचं काही चुकलं का?" अहो, तो तांत्रिक निर्णय होता! शेवटी चिडून वैशालीला घेऊन बाळकुमला गेलो. म्हटलं, आत्याच साक्ष देतील. आत्यांनी दार उघडलं, तिच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "चंदा ना गो तू?"

झालं! खरं सांगितलं तर आत्याही माझ्यावरच भडकल्या. "धवल्यात खोटा नाव सांगतोस? त्यो धवला कुठं लावायचा नाय! हिच्या नावानं परत गाईन. पन आधी पोरगी हो बोलली पायजे!"

मी वैशालीकडे बघितलं.

"विचार करून सांगते," ती म्हणाली. बारा वर्षं संसार केल्यावर विचार!

तीन आठवडे झाले, अल्बम तिच्या होकारासाठी अडलाय. अख्खा बँड माझ्याच घरी, माझ्याच बायकोला, माझ्यासाठी मागणी घालायला येतो. काल तिने सोफ्यावर टेकून सचिनला विचारलं, "मुलगा करतो काय?"

"ढोलकी वाजवतो, वहिनी."

"मग नको."

आणि मी पोह्यांचा ट्रे धरून, मान खाली घालून समोर उभा!