मी घरातून गेले तो पाऊण तास

धाकटा झाला तेव्हा थोरली चार वर्षांची होती. आम्ही उचगावात एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. दोन खोल्या, पुढं अरुंद गॅलरी आणि खाली उतरायला लोखंडी जिना. खाली घरमालक आणि मालकीण राहत, पण दोघंही नोकरीला. सकाळी कुलूप लावून जायची ती संध्याकाळीच यायची. माझा नवरा एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत पहिल्या पाळीला होता, वर ओव्हरटाइम. सकाळी साडेसहाला डबा घेऊन निघायचा आणि पाचच्या पुढं काळवंडलेल्या बोटांनी परत यायचा. मधले सगळे तास मी आणि दोन पोरं.

माझं माहेर कबनूरचं. आमच्या घराच्या भिंतीला लागून यंत्रमाग होते. त्या खटखटीत मी झोपले, अभ्यास केला, आईशी भांडले. उचगावातली दुपार मला त्यामुळं फार लांब वाटायची. थोरलीच्या वेळी आई तीन महिने माझ्याजवळ होती. धाकट्याच्या वेळी सव्वा महिना होतोय तोवर वहिनीचे दिवस भरत आले. मला उचगावला पोचवून आई दुसऱ्याच दिवशी परत गेली. जाताना तिचे डोळे भरले होते, माझे कोरडे होते. त्याचं मला तेव्हाच नवल वाटलं होतं.

धाकटा रडका होता. रोज दुपारी बाराला सुरू व्हायचा तो चारपर्यंत. पोटाला हिंग लावला, ओव्याची पुरचुंडी शेकवली, डॉक्टरांनी दिलेले थेंब पाजले. रडणं काही थांबायचं नाही. पण रडण्यापेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीची भीती वाटत होती, आणि ती मी कुणाला सांगितली नव्हती. मला त्याच्याबद्दल काही वाटतच नव्हतं. त्याला अंघोळ घालताना भांडं विसळल्यासारखं वाटायचं. विसळायचं, पुसायचं, जागेवर ठेवायचं. थोरली तान्ही असताना तिच्या टाळूचा वास घेत मी तासन्‌तास बसून राहायची. तसं आज वाटेल, उद्या वाटेल, अशी वाट बघत मी तीन महिने काढले.

बघायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, “आधी पोरगी, आता पोरगा. झालं की सगळं मनासारखं!” मी म्हणायची, “व्हय.” मग बाथरूममध्ये नळ सोडून रडायची. नवऱ्यानं दोनतीनदा विचारलं, “काय होतंय तुला?” मी म्हटलं, “दमलेय.” तो बिचारा बाळाला खांद्यावर टाकून गॅलरीत फेऱ्या मारायचा. तो वाईट नव्हता. मी त्याला सांगितलंच नव्हतं, आणि सांगायचं तरी काय, हे मला कळत नव्हतं.

तो दिवस मार्चमधला. उन्हं तापायला लागली होती. बालवाडीतून थोरलीला आणलं, तिला भात वाढला. धाकटा झोळीत ओरडत होता. दोर ओढत ओढत मी थोरलीला घास भरवत होते. ती म्हणाली, “मी माझी माझी जेवते,” आणि वाटी ओढली. आमटी सांडली ती धुऊन घडी घातलेल्या दुपट्यांवर.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण आवाज माझा वाटला नाही. मी हात उगारला. मारला नाही. पण थोरलीनं लगेच डोळे गच्च मिटले आणि मान दोन्ही खांद्यांच्या मध्ये आत ओढून घेतली. पोरीला हे सवयीचं झालंय, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मी आधी कधी मारलं होतं का? एकदोनदा मारलं असेल. तिला ते सगळं आठवत होतं.

आता आपण इथं थांबलो तर खरंच काहीतरी करू, असं मला वाटलं. मी गॅसचा कॉक बंद केला. थोरलीला म्हटलं, “बाळाला झोका दे. मी आले.” खुंटीवरची छोटी पर्स घेतली, दार ओढलं, बाहेरून कडी लावली आणि जिना उतरले. मी भानावर नव्हते असं म्हणणं सोपं आहे. पण गॅस बंद करायचं भान मला होतं.

स्टॉपवर बस उभीच होती. चढले. कंडक्टरनं विचारलं, “कुठं?” मी म्हटलं, “स्टँड.” स्टँडवर माझं काहीच काम नव्हतं. खिडकीजवळ बसले. बस सुटली, वारा लागला, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा माझ्या अंगाला कुणी चिकटलेलं नव्हतं. महामार्ग मागं पडला. मी दुकानांच्या पाट्या वाचत होते. डोक्यात काही नव्हतं.

मागच्या सीटवर कुणाचं तरी मूल रडलं. थोडंसंच, लगेच गप्प झालं. पण माझा पान्हा फुटला. पदर ओला झाला. शेजारी मेथीच्या पेंढ्यांची बुट्टी पायाशी घेऊन एक पोक्त बाई बसल्या होत्या. त्यांनी पदराकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“बाळ ल्हान हाय व्हय? कुणापाशी ठेवलंय?”

“पोरीपाशी.”

“केवढी हाय पोरगी?”

“चार वर्षांची.”

 त्या उठून उभ्या राहिल्या आणि सगळी बस वळून बघेल अशा आवाजात म्हणाल्या, “ओ पावणं, गाडी थांबवा! हिला उतरायचं हाय!”

“मावशी, हितं स्टॉप न्हाय.”

“न्हाय तर न्हाय. थांबवा की!”

बस थांबली. त्यांनी माझ्या दंडाला धरून मला दारापर्यंत आणलं. “रिक्षा करून जा. पळ,” म्हणाल्या. मी पळाले. त्या बाईंना मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

घराशी आले तर वर दार सताड उघडं. कठड्याला धरून जिना चढले. आत आत्ती बसल्या होत्या. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. गारगोटीच्या पुढं त्यांचं गाव. थोडी शेती, दोन म्हशी. नातवाला बघायला म्हणून न सांगता तूप घेऊन आल्या होत्या. एका मांडीवर धाकटा, दुसरीवर थोरली. आमच्या बस वाटेत एकमेकींना ओलांडून गेल्या असणार.

“पयलं पाज त्याला,” एवढंच म्हणाल्या.

मी पाजायला घेतलं. आत्तींनी थोरलीचा हात माझ्यापुढं धरला. तळवा लालभडक झाला होता. झोळीचा दोर ती सगळा वेळ ओढत राहिली होती.

आत्ती चहा ठेवायला उठल्या. पाठमोऱ्याच विचारलं, “कुठं गेलतीस?”

“दुकानात.”

“आई बसनं गेली,” थोरली म्हणाली. “मी खिडकीतनं बघितलं.”

आत्तींनी चहा गाळला. कप माझ्यापुढं ठेवला आणि खाली बसल्या. आता त्या ओरडतील म्हणून मी मान खाली घालून वाट बघत होते. आत्तींचा आवाज मुळात मोठा, साधं “जेवायला बसा” म्हटलं तरी शेजारच्यांना कळतं. पण त्या हळू बोलल्या. आमच्याकडच्या जुन्या बायका स्वतःबद्दल ‘मी गेलो, मी आलो’ असंच बोलतात, तशा.

“मी बी गेलतो की,” त्या म्हणाल्या.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

“तुझा नवरा दोन वर्सांचा आन त्याच्या पाठीवरची पोरगी सा महिन्याची. भांगलायला गेलतो. पोरगी बांधावर झोळीत, ह्यो तिथंच मातीत. ती लई रडाय लागली. मी खुरपं टाकलं आन चालाय लागलो. फाट्यावर जाऊन बसलो. कुणाच्या तरी गाडीची वाट बघतोय असं तोंड करून.”

“किती वेळ?”

“सावली हिकडची तिकडं गेली तवर. मग तुझा सासरा सायकलवरनं आला. काय विचारलं न्हाय त्यानं. मागं बस म्हटला. मी बसलो.”

“मग?”

“मग काय? त्यानं कुणाला सांगितलं न्हाय आन मी बी न्हाय. आज तुला सांगितलं.”

मी रडायला लागले. या वेळी नळ सोडायची गरज नव्हती. आत्तींनी माझ्या पाठीवर हात ठेवला नाही, त्यांना ते जमत नाही. त्यांनी आमटीची दुपटी उचलली आणि धुवायला नेली.

नवरा यायच्या आधी त्यांनी मला बजावलं, “त्याला तू सांग. मी सांगितलं तर त्ये गाऱ्हाणं हुईल.”

मी सांगितलं. त्यानं हातातली डब्याची पिशवीही खाली ठेवली नव्हती. त्याचा चेहरा लाल झाला. “वर जिना, घरात गॅस, चार वर्षांची पोरगी! काय झालं असतं म्हणजे?” त्याचं चुकलं नव्हतं. तो गॅलरीत निघून गेला. आत्ती त्याच्या मागं गेल्या आणि आता मात्र त्यांच्या नेहमीच्या आवाजात सुरू झाल्या.

“पोरं किती येळ सांभाळतूस तू?”

“मी कामावर जातो की, आई.”

“आन ती काय करतीया? तीन म्हैन्यात बायकोच्या तोंडाकडं एकदा तरी नीट बघितलंस? मी आज दारातनं बघितलं आन मला कळलं.”

बराच वेळ तो आत आला नाही. आला तेव्हा माझ्याशेजारी भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, “मला सांगायचं होतंस गं.” मी म्हटलं, “मला सांगता येत नव्हतं.” त्यानं धाकट्याला माझ्या मांडीवरून उचलून घेतलं.

दोन दिवसांनी आम्ही तिघं पोरांना घेऊन कोल्हापुरात एका डॉक्टरीणबाईंकडं गेलो. त्यांनी खूप प्रश्न विचारले. झोप, भूक, मनात काय येतं, पोरांना किंवा स्वतःला काही करावंसं वाटतं का. हे प्रश्न त्या ताप किती दिवस आहे असं विचारावं तसे विचारत होत्या, म्हणून मला उत्तरं देता आली. बाळंतपणानंतर हा आजार बऱ्याच जणींना होतो, औषधानं बरा होतो, त्या म्हणाल्या. अंगावर पाजताना चालतील अशा गोळ्या लिहून दिल्या.

आत्तींनी विचारलं, “आमच्या टायमाला बी ह्ये हुतं का ओ?”

“तुम्हीच सांगा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आत्तींनी पदर सारखा केला आणि खिडकीकडं बघत बसल्या.

त्या तीन आठवडे आमच्याकडं राहिल्या. गावाकडून सासऱ्यांचा फोन आला, “म्हशीची धार कोण काढणार?” आत्ती म्हणाल्या, “तुमास्नी हात न्हाईत व्हय?” आणि फोन ठेवला. नवऱ्यानं ओव्हरटाइम निम्मा केला. बाकीच्या दिवशी साडेतीनला पाळी सुटली की तो घरी येऊन धाकट्याला तेल लावायला शिकला. पहिल्या दिवशी इतकं तेल ओतलं की बाळ हातातून निसटायला लागलं. आत्ती म्हणाल्या, “भजी तळतूयास का काय?”

मी एका दिवसात बरी झाले नाही. पण महिन्याभरानं एका सकाळी धाकट्याला अंघोळ घालून पुसत होते, तेव्हा त्याला शिंक आली. स्वतःच्याच शिंकेला तो दचकला आणि हे कुणी केलं अशा संशयानं माझ्याकडं बघायला लागला. मला हसू फुटलं. हसता हसता मी खाली वाकले आणि त्याच्या ओल्या टाळूचा वास घेतला. घेतल्यावर माझ्या लक्षात आलं, की हे मी आज पहिल्यांदा केलं.

थोरलीला जास्त दिवस लागले. मी दुधाची पिशवी आणायला खाली उतरले तरी ती गॅलरीत येऊन उभी राहायची. “किती वेळ?” विचारायची. “शंभर म्हणेपर्यंत,” मी सांगायची, आणि ती मोठ्यानं आकडे म्हणायची. तिला वीसच्या पुढं येत नव्हतं, ती वीस पुन्हा पुन्हा म्हणायची. वर्षभर हे चाललं. एक दिवस मी तिला समोर बसवलं आणि म्हटलं, “त्या दिवशी मी तुम्हाला सोडून गेले. माझं चुकलं.”

“दमली होतीस?”

“व्हय.”

“मग मला पण न्यायचं होतंस की.”

थोरली आता नऊ वर्षांची आहे आणि तो दिवस तिला आठवतो की नाही, मला ठाऊक नाही. तिनं विचारलं तर मी सगळं सांगणार आहे.

गावी परत गेल्यावर आत्तींनी रोज दुपारी एकला फोन करायला सुरुवात केली. धाकटा आता पाच वर्षांचा झाला, तरी हे चालू आहे. फोनवर म्हशीचं हंबरणं ऐकू येतं, आणि त्याच्यावर आत्तींचा आवाज, “जेवलीस का?” मी म्हणते, “जेवले.” “काय केलंतं?” मी सांगते, वांग्याची भाजी, भाकरी. “बरं,” म्हणतात आणि फोन ठेवतात. एखाद्या दिवशी मी “न्हाय अजून” म्हटलं, तर त्या फोन ठेवत नाहीत. म्हणतात, “मी हाय फोनवर. वाढून घे.”