टेबलावर घेतलेलं नाव

मनुबाई कानाच्या दवाखान्यात लागली ती लादी पुसायला. पहिल्याच दिवशी मोठ्या डॉक्टरांनी तिच्या हातात एक पातेलं दिलं. आत सहा कच्ची अंडी होती. प्रत्येकाचं रुपयाएवढं टरफल कोरून काढलेलं, आतला पातळ पापुद्रा मात्र जसाच्या तसा, थेंबभरही गळती नाही. "घरी न्या आणि अंड्याची पोळी करून खा," डॉक्टर म्हणाले. मनुबाईनं घरी जाऊन सांगितलं, "डॉक्टर देवमाणूस हाय, पर डोक्यानं जरा सरकलेला दिसतोय."

डोकं अगदी ठिकाणावर होतं. कानामागच्या हाडात बारीक ड्रिल चालवायचं आणि त्याखालच्या नसेला धक्का लागू द्यायचा नाही, याचा तो सराव होता. पण सांगलीच्या त्या गल्लीला हे कोण सांगणार? वाईच्या सोवळ्यातल्या घरातला हा शरच्चंद्र रोज सकाळी डझनभर अंडी नेतो, ही बातमी अंड्यांच्या आधी घरी पोचली होती. त्यांच्या आईनं चार दिवस मुलाच्या हातचं पाणी घेतलं नाही म्हणतात.

डॉक्टर मुंबईत शिकले होते. तिथंच राहिले असते तर आज समुद्र दिसणाऱ्या खिडकीत बसले असते. पण ते सांगलीला आले, कारण इथं घराघरात एक तरी कान वाहत होता आणि त्यात कोणी गरम तेल ओतत होतं, कोणी लसणाची पाकळी कोंबत होतं. डॉक्टर सगळ्यांवर ओरडायचे आणि सगळ्यांना बरं करायचे. फाटलेले पडदे त्यांनी नवे बसवले, किडलेली हाडं खरवडून काढली. पंधरा वर्षांत अशी वेळ आली की पुण्याचे आणि बेळगावचे डॉक्टर त्यांच्या पाठीमागं उभं राहून त्यांचे हात बघू लागले. मनुबाईला त्याचं काही अप्रूप नव्हतं. तिची दोन्ही पोरं त्या अंड्यांवर पोसली गेली. थोरला यशराज फौजेच्या भरतीत छातीच्या मापात बसला तो डॉक्टरांच्या अंड्यांमुळे, हे ती आजही ठासून सांगते, आणि फौजेनं काही म्हटलं तरी ते खरंच असावं.

लादीवरून मनुबाई ऑपरेशन थिएटरात गेली ती एका घाबरट पैलवानामुळे. कानात सगळ्यांत आत घोड्याच्या रिकिबीच्या आकाराचं एक हाड असतं, तांदळाच्या दाण्याहून लहान. काही माणसांत ते आखडून बसतं, हलेनासं होतं आणि ऐकू येणं कमी कमी होत जातं. ते हाड काढून त्याजागी सुईएवढ्या जाडीच्या दांडीचा पिस्टन बसवायचा, हे मोठ्या डॉक्टरांचं खास काम. त्यात माणसाला झोपवत नाहीत, फक्त कान बधिर करतात, आणि डोकं तसूभरही हलून चालत नाही. तो पैलवान टेबलावर थरथरायला लागला तेव्हा बादली घेऊन दाराशी उभी असलेली मनुबाई पुढं झाली आणि तिनं त्याचा हात धरला. "म्हशी किती हायत रं तुझ्याकडं?" तिनं विचारलं. पैलवान म्हशी मोजत बसला आणि कान झाला. तेव्हापासून पेशंटच्या उशाशी ठेवलेलं स्टूल मनुबाईचं. त्यावर दुसरं कोणी बसलेलं तिला खपत नसे.

पुढं डॉक्टरांची मुलगी भार्गवी कानाचीच डॉक्टर झाली. पुण्यात शिकली, दोन वर्षं चेन्नईत राहिली, सहा महिने जर्मनीला जाऊन आली. पोरगी गुणाची. तिनंही अंडी कोरली, फक्त ती डझनानं नाही, ट्रेनं आणायची. गेल्या दिवाळीत मोठ्या डॉक्टरांच्या उजव्या हाताची बोटं बारीक थरथरू लागली आणि त्यांनी त्याच दिवशी हत्यारं खाली ठेवली. ओपीडीत बसेन, थिएटरात पाऊल टाकणार नाही, म्हणाले. "मी आत असलो तर ती माझ्याकडं बघेल. तिनं कानात बघायला पाहिजे."

भार्गवीनं थिएटरचा ताबा घेतला आणि पहिल्या आठवड्यात दारावर कागद चिकटवला: आत कोणीही बोलू नये. रेडिओ गेला, गप्पा गेल्या. "मनुमावशी, तुम्ही हात धरा, पण बोलू नका. मला एकाग्रता लागते," तिनं गोड बोलून सांगितलं. मनुबाईनं मान डोलावली आणि पुढचे तीन दिवस ती दवाखान्यात कुणाशीच बोलली नाही. कागद तर कागद! ज्या पोरीला आपण खांद्यावर घेऊन गणपती दाखवला, ती आपल्याला गप्प बसवते, याचं तिला मनापासून वाईट वाटलं होतं.

अशात दीपमाला आली. दीपमाला ही मनुबाईची धाकटी जाऊ, शिराळ्याच्या बाजूला वस्तीवर राहणारी. नवरा कृष्णात फौजेतून सुभेदार होऊन आलेला, आता ऊस बघतो. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिचे कान उतरू लागले होते. डावा जवळजवळ गेला, उजवा अर्धामुर्धा उरला. हळदीकुंकवाला बोलावलं तरी ती जाईना. कोण काय विचारेल आणि आपण काय उत्तर देऊ, याची धास्ती. गावानं तिला शिष्ट ठरवून टाकलं. मनुबाई सहा वर्षं मागं लागली होती, पण घरातली थोरली माणसं म्हणत, कानाला सुरी लावायची नाही.

शेवटी दीपमालेच्या लेकीच्या एका फोननं काम केलं. इस्लामपूरला दिलेली लेक फोनवर म्हणाली, आई, मला दवाखान्यात ठेवलंय. दीपमालेनं अंदाजानं उत्तर दिलं, "बरं झालं बाई, बरं झालं." पलीकडं लेक रडायला लागली तेही हिला कळलं नाही. कृष्णातनं नंतर सांगितलं तेव्हा ती दिवसभर जेवली नाही आणि दुसऱ्या दिवशी एकटीच एसटीनं सांगलीला येऊन मनुबाईच्या दारात उभी राहिली. "आक्का, फाडा माझा कान," ती म्हणाली. "काय व्हायचं ते हूं दे."

घरच्यांना मनुबाईनं शब्द दिला, "माझ्या जबाबदारीवर." तोंडानं बोलली खरी, पण तीस वर्षं त्या स्टुलावर बसून तिला ठाऊक होतं की शंभरात एखादा कान या ऑपरेशननं कायमचा बंद होतो. आणि भार्गवी हे ऑपरेशन वडील शेजारी नसताना पहिल्यांदाच करत होती.

मंगळवारी सकाळी कृष्णातला बाहेर बसवून दीपमालेला टेबलावर घेतलं. उजवा कान उशीत, डावा वर, अंगावर आणि तोंडावर हिरवी चादर. मनुबाईनं आधीच बजावून ठेवलं होतं, "मान हलवायची न्हाई, हुं म्हणून बी हलवायची न्हाई. कायबी झालं तरी." आता ती चादरीखालून जावेचा हात धरून, तोंड मिटून बसली होती.

भार्गवीचे हात वडिलांसारखे होते. नाही, खरं सांगायचं तर वडिलांपेक्षा हलके होते, आणि मनुबाईला हे कबूल करताना थोडं जड गेलं. पाऊण तासात आखडलेलं हाड निघालं, पिस्टन बसला, पडदा जागेवर आला. भार्गवीनं मायक्रोस्कोपवरून डोळे काढले आणि कानाजवळ वाकून अगदी हळू विचारलं, "तुमच्या मिस्टरांचं नाव काय?"

उत्तर नाही.

ऐकू येतं का ते टेबलावरच तपासायला हा प्रश्न तिनं विचार करूनच निवडला होता. नाव केसपेपरवर लिहिलेलं, त्यामुळं उत्तर बरोबर की चूक ते लगेच कळावं. तिनं पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं. तिसऱ्यांदा तिनं साध्या बोलण्याच्या आवाजात विचारलं. तो आवाज दारापाशी उभ्या असलेल्या सिस्टरलाही नीट ऐकू गेला. दीपमाला दगडासारखी पडून होती.

भार्गवी पुन्हा मायक्रोस्कोपवर वाकली. "पिस्टन नीट बसला नसेल," ती स्वतःशीच म्हणाली. "परत उघडते. काढून पुन्हा बसवते."

परत उघडायचं म्हणजे काय ते मनुबाईला कळत होतं. एकदा बसवलेला पिस्टन उपसताना आतला कान दुखावला, तर आहे तेही जायचं. आपण शब्द दिला, आपणच हिला इथं आणली, सगळं आपल्या हातानं घडलं, असं तिच्या मनात येऊ लागलं. आणि तेवढ्यात तिच्या ध्यानात आलं की तिचा पंजा दुखतोय. दीपमालेनं तो तीनदा आवळला होता. दर खेपेला, प्रश्न विचारल्या विचारल्या.

बाई ऐकत होती!

ऐकत होती आणि लाजून मरत होती. नवऱ्याचं नाव! चार परक्या माणसांत, असं उघडं, तोंडानं! लग्नाला तीस वर्षं झाली, तिनं ते कधी घेतलं नव्हतं. 'ते', 'घरातले', 'आमचे हे', फार झालं तर 'सुभेदार'. नकार द्यायला मान हलवावी, तर तीही बंदी मनुबाईनंच घातलेली. मनुबाईला स्वतःलाही कुठं घेता येत होतं? नोकरीला लागताना फॉर्मवरच्या 'पतीचे नाव' या रकान्यापाशी ती पाच मिनिटं मुकी उभी होती. शेवटी शिपायानं शेजाऱ्यांकडून विचारून आणलं होतं.

भार्गवीनं चिमटा उचलला. दारावरचा कागद मनुबाईला समोर दिसत होता. तिनं त्याच्याकडं एकदा बघितलं.

"थांबा ताई!" ती म्हणाली. "उघडू नगा. तिला समदं ऐकू येतंय."

"मावशी, प्लीज. तीनदा विचारलं मी."

"आवं, नवऱ्याचं नाव इचारलंसा तुमी! ती कशी घेईल? आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेती व्हय, असं रस्त्यावर पडल्यागत?"

भार्गवीच्या हातातला चिमटा तसाच राहिला. तिच्या घरी आईच वडिलांना "अरे शरद, भाजी आण" म्हणत असे. तिला हे सुचणार तरी कुठून? मग मास्कच्या आत ती हसत असावी, कारण डोळ्यांच्या कडा बारीक झाल्या. चिमटा तिनं ट्रेमध्ये ठेवला, दीपमालेच्या कानावर वाकली आणि इतक्या हळू बोलली की उशाशी बसलेल्या मनुबाईलाही शब्द जेमतेम कळले.

"मग उखाण्यात घ्या."

मनुबाईनं जावेचा हात दाबला, काही सांगायला नव्हे, आपल्याच हाताला आधार म्हणून. मग हिरव्या चादरीखालून नव्या नवरीच्या सुरात, बारीक आवाजात आलं:

"डोक्यावर लाइट, अंगावर हिरवी चादर,
कृष्णातरावांचं नाव घेते, डॉक्टरीणबाईंचा राखून आदर."

सिस्टर फिस्सकन हसली. भार्गवीनं स्टूल मागं सरकवलं आणि दोन्ही हात हवेत धरून बसून राहिली. डोळे भरले होते आणि ग्लोव्ह्ज घातलेल्या हातांनी पुसता येत नव्हते. मनुबाईनं आपल्या पदराकडं हात नेला, मग थिएटरचा झगा अंगावर आहे हे आठवून ट्रॉलीवरचा कापसाचा बोळा घेतला आणि लहानपणी टिपायची तसे त्या पोरीचे डोळे टिपले.

"मावशी, बोला तुम्ही तिच्याशी," भार्गवी म्हणाली. "मी कान बंद करते. गप्प बसू नका."

पण मनुबाईला काही बोलायला सुचेना. तीस वर्षांत पहिल्यांदा. तिनं नुसता जावेच्या पंजावरून अंगठा फिरवला. दीपमालेची बोटं एकदम ताठ झाली.

"आक्का," ती दबक्या आवाजात म्हणाली, "भायेर त्येनी खाकरलं."

"कोण?"

"आवं, ह्येनी! आत्ता! दारापल्याड!" तिचा आवाज रडवेला झाला होता. "मला त्येंचं खाकरणं हितवर ऐकाय आलं. म्हंजी मी नाव घेतलेलं त्येंस्नी बी गेलं असंल की गं! आता मी त्येंच्याफुडं कशी जाऊ?"

मनुबाईनं दाराकडं कान दिला. दोन बंद दारांपलीकडं, व्हरांड्यातल्या बाकावर सुभेदार खरोखरच पुन्हा एकदा खाकरले.